पाळीत बसल्याशिवाय ग्रिड कळत नाही

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळचे अकरा वाजून गेल्यावर संपूर्ण श्रीलंकेची वीज एकाच वेळी गेली. पानदुरा येथील उपकेंद्रात एका माकडाने उपकरणाला स्पर्श केल्यामुळे हा बिघाड झाला, असे तेथील ऊर्जामंत्र्यांनी सांगितले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांना विनोदाचा विषय मिळाला. आम्ही वीज क्षेत्रात आयुष्य काढलेली माणसे मात्र त्या विनोदाला फारसे हसलो नाही. उपकेंद्राच्या आवारात माकड, साप, घार किंवा मांजर शिरणे ही आपल्याकडचीही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे एखादा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वाहिनी, जातो, क्वचित एखादा ट्रान्सफॉर्मर जातो, आणि फारच वाईट वेळ असेल तर एखाद्या शहराचा पुरवठा दोन तास खंडित होतो. एका माकडामुळे अख्खा देश अंधारात जात नाही. त्या दिवशी तो गेला, याचे कारण माकडापेक्षा त्या वेळच्या ग्रिडच्या अवस्थेत शोधावे लागते.

रविवार असल्यामुळे कारखाने आणि कार्यालये बंद होती, म्हणजे मागणी कमी होती. आकाश स्वच्छ असल्यामुळे छतांवरची सौर वीज भरपूर होती आणि मागणीचा मोठा वाटा तीच उचलत होती. साहजिकच औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील फिरती यंत्रे मोजकीच चालू ठेवलेली होती. कित्येक टनांची ही फिरती यंत्रे जडत्वाच्या रूपाने ग्रिडला आधार देत असतात. कुठे धक्का बसला तर फ्रिक्वेन्सी (मागणी आणि निर्मितीचा तोल गेला की ढळणारी विजेची वारंवारता) एकदम न कोसळता थोड्या सावकाशीने उतरते आणि संरक्षण व्यवस्थेला तसेच माणसालाही काही करायला सवड मिळते. सौर पॅनेलची वीज ग्रिडमध्ये येते ती इन्व्हर्टरमधून, आणि तिच्या मागे असे फिरते वजन नसते. त्यामुळे धक्का नेहमीचाच होता, पण तो झेलणारे अंग त्या घटकेला हलके झालेले होते. नोरोच्चोलई येथील कोळशावर चालणाऱ्या केंद्राचे ३०० मेगावॉटचे तिन्ही संच त्या गडबडीत बंद पडले, आणि असे संच पुन्हा उभे करायला दिवस लागत असल्यामुळे पुढचे काही दिवस त्या देशाला भारनियमन सोसावे लागले. दोनच महिन्यांनी, एप्रिलमधील सिंहली आणि तमिळ नववर्षाच्या सुट्ट्यांत, मागणी पुन्हा तळाला जाणार हे ओळखून तेथील वीज मंडळाने छतावरील सौर यंत्रणा दिवसा स्वेच्छेने बंद ठेवण्याचे आवाहन ग्राहकांना केले. ज्या ग्राहकांना कालपर्यंत सौर पॅनेल बसवा म्हणून विनवले, त्यांनाच आता ते बंद ठेवा म्हणून सांगण्याची वेळ आली.

या घटनेचा उल्लेख येथे करण्याचे कारण असे की, वीज कंपन्यांतील कर्मचाऱ्यांनी सीमेपलीकडच्या वीज कंपनीत काही महिने प्रत्यक्ष काम करून, म्हणजे इंटर्नशिप करून, अक्षय ऊर्जेचे काम शिकावे, या विषयावर मी बऱ्याच दिवसांपासून लिहीन म्हणत होतो, आणि त्यासाठी याहून बोलके उदाहरण मला सापडले नाही. जडत्व कमी झाले की काय होते, हे अभियांत्रिकीच्या पुस्तकात आहे. कोलंबोतील अभियंत्यांना ते माहीत नव्हते, असे कोणी म्हणू नये. परंतु रविवारी सकाळी दहा वाजता पडद्यावर दिसणारी आकड्यांची रांग पाहून, ‘आज एखादा संच महाग पडला तरी चालवत ठेवावा’ असे पाळीतल्या माणसाला वाटणे आणि ते वाटणे त्याला वरिष्ठांपुढे ठामपणे मांडता येणे, हे वेगळे कौशल्य आहे. ज्याने अशी अवस्था आधी कुठेतरी पाहिलेली आहे, शक्यतो दुसऱ्याच्या ग्रिडवर पाहिलेली आहे, त्यालाच ते लवकर साधते.

मी राज्याच्या पारेषण व्यवस्थेत नोकरी केली आणि त्यातला बराच काळ भार प्रेषणाच्या, म्हणजे कोणत्या केंद्राने केव्हा किती वीज द्यायची हे ठरवण्याच्या, कामात गेला. निवृत्तीनंतर अधूनमधून प्रशिक्षणवर्गांत शिकवायला बोलावतात, तेव्हा शेजारी देशांतील अभियंते समोर बसलेले असतात. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू थोड्याफार पाहिल्या आहेत.

भारताकडे परदेशी अधिकाऱ्यांना शिकवण्याची परंपरा जुनी आहे. आयटेक या नावाने ओळखला जाणारा परराष्ट्र मंत्रालयाचा कार्यक्रम १९६४ मध्ये सुरू झाला आणि त्यात येणाऱ्यांचा प्रवास, निवास आणि शिक्षण यांचा खर्च आपले सरकार करते. वीज क्षेत्रापुरते बोलायचे तर फरीदाबादला मुख्यालय असलेली आणि नागपूरसह अनेक ठिकाणी केंद्रे असलेली राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था आहे, गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था आहे, चेन्नईत पवन ऊर्जेची राष्ट्रीय संस्था आहे, आणि जलविद्युतासाठी रुरकीच्या आयआयटीतील विभाग आहे. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे मुख्यालयही ग्वाल पहाडीच्या त्याच परिसरात आहे. संस्था चांगल्या आहेत, शिकवणारेही बहुतेक जाणकार आहेत. माझी तक्रार अभ्यासक्रमाच्या रचनेबद्दल आहे. दोन आठवड्यांचा वर्ग, त्यात रोज चार व्याख्याने, एक दिवस सौर प्रकल्पाची सहल, एक दिवस ताजमहाल, आणि शेवटी प्रमाणपत्र वाटप. सहलीच्या दिवशी पाहुण्यांना हेल्मेट घालून पॅनेलच्या रांगांसमोर उभे केले जाते, छायाचित्र निघते आणि प्रकल्पाचा व्यवस्थापक क्षमता किती, खर्च किती, जागा किती एकर हे सांगतो. पॅनेलच्या रांगांमध्ये वीज कंपनीच्या माणसाने शिकण्यासारखे फार थोडे असते. सौर वीज त्याच्यासाठी कठीण होते ती प्रकल्पाच्या फाटकाबाहेर, जिथून ती ग्रिडमध्ये शिरते तिथून पुढे.

आपले लोक बाहेर जातात तेव्हाही चित्र फार निराळे नसते. एका युरोपीय देशातील अशा दौऱ्यावर गेलेल्या मंडळींत नियंत्रण कक्षात प्रत्यक्ष बसणारा एकही माणूस नव्हता, हे मी स्वतः यादी वाचून पाहिले आहे. मुख्य अभियंते होते, वित्त विभागाचे दोघे होते, आणि निवृत्तीला आठ महिने उरलेले एक गृहस्थही होते. ते परत आल्यावर अहवाल सादर झाला आणि तो उत्तम बांधणीचा होता. पाळीत काम करणाऱ्याला रजा देता येत नाही, त्याच्या जागी बसायला दुसरा नसतो, ही त्यामागची अडचण खरीच आहे. पण म्हणून शिकायला दुसऱ्याच कोणाला पाठवले, तर ते शिक्षण कामाच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

आता इंटर्नशिप म्हणजे मला नेमके काय अभिप्रेत आहे, ते सांगतो. दुसऱ्या देशातील वीज कंपनीच्या तीन ते सहा महिने सेवेत असलेला, पगार आपल्या मूळ कंपनीकडून घेणारा, पाळीच्या वेळापत्रकात नाव असलेला, आणि एका ठरलेल्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करणारा कर्मचारी. पूर्वी कारागिराकडे उमेदवारी करत, तसाच हा प्रकार आहे. त्याला रात्रपाळी चुकत नाही आणि सुट्टीच्या दिवशीही बोलावले जाते, कारण श्रीलंकेच्या उदाहरणावरून दिसते की ग्रिडची परीक्षा सुट्टीच्या दिवशीच होते.

अशा बसण्यातून काय मिळते, हे एका प्रसंगावरून लक्षात येईल. नेपाळमधील एक अभियंता काही काळ आमच्या नियंत्रण कक्षात बसत असे. फेब्रुवारी-मार्चचे दिवस होते. दुपारी चारनंतर सौर निर्मितीची रेषा उतरू लागते, ती सूर्यास्तापर्यंत शून्यावर येते, आणि नेमक्या त्याच दोन-अडीच तासांत घरोघरचे दिवे, पंखे आणि स्वयंपाकघरातली उपकरणे चालू होतात. ही दरी भरून काढायला आमच्याकडे कोयना असते. चौथ्या टप्प्यातील २५० मेगावॉटचे चार संच काही मिनिटांत ग्रिडवर घेता येतात, त्यामुळे नवख्या माणसाला वाटते की संध्याकाळ झाली की कोयनेला फोन करायचा आणि विषय संपला. या अभियंत्याने पहिल्या संध्याकाळी शेड्यूलकडे पाहिले, संचांची क्षमता विचारलीच नाही, आणि एवढेच विचारले, ‘‘सर, पाणी किती उरलंय?’’

तो प्रश्न ऐकून मला बरे वाटले, कारण कोयनेच्या बाबतीत खरा प्रश्न तोच आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यानुसार कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवता येते. जूनपासून मेपर्यंतचा हिशोब असतो. फेब्रुवारीत हात सैल सोडला तर एप्रिल-मेच्या उकाड्यात, जेव्हा संध्याकाळची मागणी सर्वांत कडक असते, तेव्हा संच तयार असूनही पाण्याचा कोटा संपलेला असू शकतो. नेपाळच्या माणसाला हे सांगावे लागले नाही. त्याच्या देशातील बहुतेक जलविद्युत प्रकल्प वाहत्या नदीवर चालणारे आहेत. खऱ्या अर्थाने साठवण असलेला कुलेखानी हाच एक, आणि हिवाळ्यातील संध्याकाळी त्याचे पाणी थेंबाथेंबाने वापरण्याची सवय तेथील अभियंत्यांच्या अंगात मुरलेली आहे. त्याला आमच्याकडून हवी होती ती दुसरी गोष्ट: दुपारच्या ढगामुळे सौर निर्मितीचा अंदाज चुकला तर कोणत्या क्रमाने काय करायचे, कोणाला सांगायचे आणि किती वाट पाहायची. हे कोणत्याही नियमावलीत क्रमवार लिहिलेले नसते. तो आमच्या पाळीप्रमुखाच्या शेजारी बसून, त्यांचे फोनवरचे बोलणे ऐकून आणि नोंदवहीत काय लिहिले जाते ते पाहून शिकला.

नेपाळच्या बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे दिवसाचे प्रत्येकी पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक पाडलेले असतात आणि विजेची सगळी खरेदी-विक्री, शेड्यूल आणि त्यापासून ढळल्याचा, म्हणजे विचलनाचा, दंड त्या ब्लॉकवर ठरतो. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे बरोबर पंधरा मिनिटे आहे, म्हणजे नेमका एक ब्लॉक. नोव्हेंबर २०२१ मध्ये नेपाळने भारतीय वीज बाजारात पहिल्यांदा वीज विकायला सुरुवात केली तेव्हा ती अवघी ३९ मेगावॉट होती, त्रिशूली आणि देवीघाट या दोन केंद्रांची. मेगावॉट कमी असले तरी काठमांडूतील टेबलावर बसणाऱ्यांना आदल्या दिवशी बोली लावणे, ब्लॉकनिहाय शेड्यूल देणे आणि ते पाळणे, हे सगळे एकदमच शिकावे लागले, आणि तेही मनगटावरचे घड्याळ एक ब्लॉक पुढे असताना. भूतान आणि बांगलादेश अर्धा तास पुढे आहेत, म्हणजे दोन ब्लॉक. सुरुवातीच्या काळात असल्या बारीक गोष्टींनी किती घोळ होऊ शकतो, हे ज्याने शेड्यूल भरले आहे त्यालाच कळेल.

एकेकाळी दिवसाला सोळा-अठरा तास भारनियमन सोसणारा नेपाळ आज पावसाळ्यात वीज विकतो, भारताच्या तारांवरून ती बांगलादेशालाही देतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा ४० मेगावॉटचा त्रिपक्षीय करार झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा ती वीज वाहिली. भूतानची कथा तर त्याहून जुनी आहे. चुखा, ताला, मांगदेछू अशी मोठी जलविद्युत केंद्रे बांधताना दोन्ही देशांच्या अभियंत्यांनी खांद्याला खांदा लावून काम केले. परंतु सौर आणि पवन ऊर्जेत भूतान अजून बाल्यावस्थेत आहे. रुबेसा येथे ६०० किलोवॉटच्या पवनचक्क्या २०१६ मध्ये उभ्या राहिल्या आणि सेफू येथे सौर प्रकल्प अलीकडेच आला. हिवाळ्यात नद्या आटतात तेव्हा भूतान आपल्याकडून वीज घेतो, त्यामुळे हिवाळ्यातील स्वच्छ उन्हाचा उपयोग करून घेणे त्याला क्रमप्राप्तच आहे. हे दोन्ही देश आपल्या ग्रिडशी एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडलेले आहेत. तिथे एखादा संच पडला तर त्याचा थरथराट आपल्याकडच्या पडद्यावरही दिसतो, मग माणसे एकमेकांना ओळखत नसली तर कसे चालेल?

माझ्या मते या उमेदवारीत पाच जागा महत्त्वाच्या आहेत आणि त्यातली नियंत्रण कक्षाची जागा सर्वांना सुचते, बाकीच्या चार सुचत नाहीत. पहिली विसरलेली जागा म्हणजे संरक्षण विभाग. कोळशाच्या किंवा पाण्याच्या संचाजवळ लाइनवर दोष झाला की दोषाच्या जागी प्रचंड प्रवाह धावतो आणि रिले, म्हणजे दोष दिसताच लाइन तोडायला लावणारे उपकरण, त्यावरून दोष ओळखतो. इन्व्हर्टर मात्र आपल्या क्षमतेपेक्षा थोडाच अधिक प्रवाह देऊ शकतो. सौर प्रकल्पांच्या पट्ट्यात जुन्या हिशोबाने ठरवलेली रिलेची सेटिंग कशी फसतात, हे राजस्थानात किंवा धुळे जिल्ह्यात काम केलेला चाचणी विभागाचा अभियंता तीन महिन्यांत जे दाखवील, ते तीन वर्षे वाचून कळणार नाही. दुसरी जागा म्हणजे व्होल्टेज सांभाळणारे उपकेंद्र. दुपारी लाइनी हलक्या पडल्या की व्होल्टेज चढते, ते उतरवणारी रिॲक्टर नावाची उपकरणे चालू करावी लागतात, कधी लाइनच उघडावी लागते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज भर दुपारी गेली, तीही चढत्या व्होल्टेजच्या साखळीमुळे. युरोपासारख्या ठिकाणी असे घडते, तर आपण याबाबत गाफील राहणे परवडणारे नाही.

तिसरी जागा वितरणाची आणि तिथे मला लाइनमनबद्दल बोलायचे आहे. छतावर सौर पॅनेल आले, घरोघर बॅटरी आणि इन्व्हर्टर आले, म्हणजे फीडर उपकेंद्रातून बंद केला तरी खालच्या बाजूने वीज उलटी येण्याची शक्यता वाढली. ग्रिड गेली की बंद होण्याची सोय चांगल्या इन्व्हर्टरमध्ये असते. पण सगळीच जोडणी नियमाने झालेली असते, असे आपल्या देशात कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून परमिट घेतल्यावर कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणे, तारेवर हात घालण्यापूर्वी तपासणी करणे, या जुन्याच नियमांना आता नवे महत्त्व आले आहे. असे असताना परदेशी प्रशिक्षणाच्या कोणत्याही यादीत मी तंत्रज्ञाचे नाव पाहिलेले नाही. काठमांडूचा एखादा लाइनमन मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील एखाद्या उपकेंद्रात दोन महिने राहिला, दिवसा सौर विजेवर चालणारा शेतीचा फीडर रोज कसा चालू-बंद होतो आणि दुरुस्तीच्या वेळी काय काळजी घेतली जाते हे त्याने पाहिले, तर त्याच्या कंपनीचा फायदा एखाद्या संचालकाच्या परिषदेपेक्षा नक्कीच अधिक होईल. भाषेची अडचणही वाटते तेवढी नसते. हिंदी त्याला येते आणि आपल्या लोकांनाही.

चौथी जागा उदंचन जलविद्युत केंद्राची, म्हणजे जादा विजेवर पाणी पंपाने वर चढवून गरजेच्या वेळी ते खाली सोडणाऱ्या केंद्राची. श्रीलंकेने महा ओया येथे ६०० मेगावॉटच्या अशा केंद्राची योजना आखली आहे; जडत्व आणि दुपारची जादा सौर वीज या दोन्ही दुखण्यांवर तो बऱ्यापैकी उतारा ठरेल. आपल्याकडे अकोले तालुक्यातील घाटघरचे २५० मेगावॉटचे केंद्र २००८ पासून आहे आणि पश्चिम बंगालात पुरुलियाचे ९०० मेगावॉटचे आहे. ही केंद्रे ज्या काळात आखली गेली तेव्हा रात्रीच्या जादा विजेवर पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडायचे, असा हिशोब होता. आता जादा वीज दुपारी असते. त्यामुळे पंप कोणत्या वेळी चालवायचा, दिवसातून किती वेळा दिशा बदलायची, यंत्रावर त्याचा काय ताण पडतो, हे घाटघरच्या यंत्रचालकाला आज जसे कळते तसे कोणत्याही सल्लागार कंपनीला कळणार नाही. श्रीलंकेचे केंद्र बांधून पूर्ण होण्याची वाट न पाहता तेथील भावी यंत्रचालकांना आत्ताच सह्याद्रीच्या कड्यावर आणून बसवावे.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की आपण शिकवायचे आणि शेजाऱ्यांनी शिकायचे, असा माझा आग्रह आहे. तसा तो मुळीच नाही, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे. आपले ग्रिड अवाढव्य आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेसह सारा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर गेली होती. श्रीलंकेची कमाल मागणी अडीच-पावणेतीन हजार मेगावॉटच्या घरात असते, म्हणजे आपल्या एकट्या मुंबईच्या कमाल मागणीपेक्षाही ती कमी आहे. इतक्या मोठ्या ग्रिडमध्ये महाराष्ट्रातला एखादा ५०० मेगावॉटचा संच पडला तरी फ्रिक्वेन्सी जेमतेम हलते आणि शेजारची राज्ये नकळत आपल्याला सांभाळून घेतात. या आधाराची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, आधार नसताना काय करायचे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना अनुभवाने माहीत आहे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, ते आठवा. कळवा-पडघा परिसरातील ४०० केव्हीच्या लाइनी एकामागून एक निघाल्या, मुंबईला बेटासारखे वेगळे काढून वाचवण्याची जुनी योजना त्या दिवशी शहराला तारू शकली नाही, लोकल गाड्या जागीच थांबल्या. त्यानंतर चौकश्या झाल्या, शहरातच अधिक निर्मिती हवी आणि अधिक वाहिन्या हव्यात, असे सगळे बोलून झाले. ते बरोबरही होते. पण बेट म्हणून जगणे म्हणजे काय, फ्रिक्वेन्सी घसरू लागल्यावर कोणता फीडर किती मिलिसेकंदांत सोडायचा, निर्मिती आणि मागणी हातात हात घालून कशी वर न्यायची, आणि सगळे गेल्यावर शून्यातून ग्रिड पुन्हा कसे उभे करायचे, हे श्रीलंकेच्या अभियंत्यांना प्रत्यक्ष करावे लागते, कारण त्यांना शेजारी नाही. मुंबईच्या वीजव्यवस्थेतील चार तरुण अभियंते कोलंबोच्या नियंत्रण केंद्रात तीन महिने बसले, तर आपण काही कमी होणार नाही.

आपल्याकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे, हे सांगायलाही मी संकोचत नाही. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरचे दिवे मालवण्याचे आवाहन झाले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली गेली आणि लगेच वर आली. जलविद्युत केंद्रांनी साडेसतरा हजार मेगावॉट निर्मिती उतरवून पुन्हा चढवली, आणि ग्रिड टिकले. ते यश केवळ यंत्रांचे नव्हते. दोन दिवस आधीपासून प्रत्येक राज्याच्या भार प्रेषण केंद्राने प्रत्येक जलविद्युत केंद्रातल्या माणसाशी बोलून मिनिटामिनिटाचा क्रम ठरवला होता. अक्षय ऊर्जा व्यवस्थापन केंद्रे २०२० मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रासह सौर-पवन ऊर्जेने समृद्ध राज्यांत तासागणिक पूर्वानुमान मिळू लागले. जानेवारी २०२५ अखेर देशाची सौर क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. इतक्या वेगाने वाढलेली व्यवस्था जगात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. मात्र ती पाहायला येणाऱ्याला आपण काच लावलेल्या गॅलरीतून दाखवतो, आत खुर्ची देत नाही.

खुर्ची न देण्याची कारणे मला माहीत आहेत आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. नियंत्रण कक्ष हे संवेदनशील ठिकाण आहे, सायबर सुरक्षेचे नियम कडक आहेत, परदेशी नागरिकाच्या हातात संगणकाचा पासवर्ड देता येत नाही. यावर साधा उपाय आहे. कळफलकाला हात लावण्याचा अधिकार यजमान कर्मचाऱ्याकडेच राहावा; पाहुण्याने पाळीच्या सुरुवातीला आजच्या दिवसाचा स्वतःचा अंदाज आणि स्वतःची योजना कागदावर लिहावी आणि पाळी संपताना प्रत्यक्ष काय झाले ते त्याखाली लिहावे. आठवड्याने पाळीप्रमुखाने ते सगळे कागद पुढ्यात घेऊन त्याच्याशी बोलावे. शिकण्यासाठी बटण दाबावेच लागते असे नाही. मात्र निर्णय घ्यावा लागतो, निदान कागदावर.

पैशाची अडचण तुलनेने लहान आहे. दक्षिण आशियात सीमापार विजेच्या विषयावर बराच काळ अमेरिकेच्या यूएसएड संस्थेच्या पैशातून काम चालले. सारी-ईआय या नावाचा त्यांचा कार्यक्रम २००० पासूनचा. २०२५ मध्ये ती संस्थाच मोडीत निघाली. झाले ते वाईटच, परंतु त्या कार्यक्रमांचा भर परिषदा, अभ्यास आणि सल्लागार यांच्यावर होता आणि तसल्या गोष्टी महागच असतात. एका कर्मचाऱ्याला तीन महिने वसाहतीतल्या रिकाम्या क्वार्टरमध्ये ठेवायला आणि कॅन्टीनमध्ये जेवू घालायला वीज कंपनीला देणगीदार शोधावा लागू नये. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना आपल्याकडे यायला व्हिसा लागत नाही, आपल्यालाही तिकडे जायला लागत नाही. २०१४ मध्ये काठमांडूच्या सार्क परिषदेत विजेच्या सहकार्याचा आराखडा करार झाला. सार्क पुढे थंडावली, पण दोन कंपन्यांनी आपापसांत पत्रव्यवहार करून चार माणसांची अदलाबदल करायला त्या व्यासपीठाची गरज नाही.

खरी अडचण माणूस परत आल्यावर सुरू होते. परदेशात शिकून आलेल्या अभियंत्याची तीन महिन्यांत बदली भांडार विभागात झाल्याची उदाहरणे आपल्या राज्यातही सापडतील आणि शेजाऱ्यांकडेही. म्हणून जाण्यापूर्वीच लेखी ठरले पाहिजे की परतल्यावर किमान दोन वर्षे तो त्याच टेबलावर राहील, आणि त्या काळात स्वतःच्या पाळीतील दोघांना तरी शिकवील. पाळीत जागा रिकामी राहते ही तक्रारही अदलाबदलीने बरीचशी सुटते, कारण तिकडून आलेला माणूस काही आठवड्यांनी यजमानाच्या देखरेखीखाली मदतनीस म्हणून उभा राहतोच.

राहता राहिला प्रश्न महिन्यांचा, आणि तो वेळापत्रक करणाऱ्याने नीट पाहिला पाहिजे. नेपाळ-भूतानच्या माणसांनी आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल यावे. तेव्हा आपल्याकडे ऊन कडक असते, संध्याकाळची उतरण सर्वांत तीव्र असते, आणि त्यांच्या नद्यांना अजून पाणी आलेले नसल्यामुळे विक्रीच्या टेबलावर त्यांची फारशी ओढ नसते. पवन ऊर्जा पाहायची असेल तर मात्र जून ते ऑगस्टमध्येच साताऱ्याकडे किंवा धुळ्याकडे यावे लागेल, आणि तेव्हा त्यांच्या घरी कामाचा हंगाम ऐन भरात असतो. म्हणून पवनचे शिक्षण श्रीलंकेच्या आणि बांगलादेशाच्या लोकांसाठी राखावे. आपल्या माणसांनी काठमांडूला जुलै-ऑगस्टमध्ये जावे, नद्या दुथडी भरून वाहत असताना आणि एकही युनिट वाया जाऊ नये म्हणून तेथील टेबल रात्रंदिवस बोली लावत असताना. कोलंबोला जायचे तर एप्रिलचा दुसरा आठवडा धरून जावे, नववर्षाच्या सुट्टीत.